पंचावन्न नाबाद

क्रिकेटच्या आकडेवारीत एक गंमत असते. फलंदाज एकदाही बाद झालेला नसेल तर त्याची सरासरी काढताच येत नाही. धावांना शून्यानं भागणार कसं? म्हणून त्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ मारलेली असते. भारताकडून एकदिवसीय सामने खेळलेल्या खेळाडूंच्या यादीत अशा रेघा काही आहेत, पण त्या बहुतेक अकराव्या क्रमांकावर येऊन दोनचार धावा काढून नाबाद परतलेल्या गोलंदाजांच्या. फैझ फझलच्या नावापुढची रेघ मात्र वेगळी आहे. सामने १, डाव १, नाबाद १, धावा ५५. सरासरीच्या जागी रेघ. हा माणूस सलामीला आला होता.

त्या रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून एकवीस हंगामांचं क्रिकेट आहे, आणि ते जवळजवळ सगळं विदर्भाचं आहे. त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

मी वणीचा. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, वर्धा नदीच्या अलीकडे, कोळशाच्या पट्ट्यातलं हे गाव. (जुन्या सरकारी कागदांत अख्ख्या जिल्ह्यालाच आमच्या गावाचं नाव होतं, इंग्रज त्याला 'वुन' म्हणत. १९०५ मध्ये ते बदलून यवतमाळ झालं. हे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो, आणि पाहुणे आवर्जून विसरतात.) इथे क्रिकेट म्हणजे टेनिस बॉलचं. दिवाळीनंतर मैदानावर चुन्याची रेघ पडते, मंडप लागतो, कुठल्यातरी पुढाऱ्याच्या नावाचा 'चषक' टेबलावर येऊन बसतो आणि भोंग्यावरून निम्मी मराठी, निम्मी हिंदी आणि उरलेली शुद्ध वऱ्हाडी अशी कॉमेंट्री सुरू होते. लेदर बॉल म्हणजे नागपूर. आणि नागपूर म्हणजे वरोरा, जाम, बुटीबोरी करत तीनेक तासांची एसटी. ज्या पोट्ट्याला खरंच खेळायचं असेल त्यानं नागपूरला खोली घ्यायची, एखादा क्लब गाठायचा, गझदर लीगमध्ये खेळायचं आणि निवड समितीच्या नजरेत यायची वाट पाहायची. हा रस्ता माझ्या लहानपणीही होता आणि आजही बराचसा तोच आहे.

रणजी करंडकात विदर्भाचा संघ आहे हे मला वर्तमानपत्रातूनच कळलं. नागपूरहून येणाऱ्या पेपरात, खेळाच्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात 'संक्षिप्त धावफलक' असायचा. विदर्भ सगळे बाद दीडशे-पावणेदोनशे. समोरच्यांनी डाव घोषित केलेला. पुन्हा विदर्भ. कधी सामना अनिर्णित राहिला तर तोच आनंद. त्या बारीक टायपातली नावं मला पाठ होती: सुहास फडकर, प्रवीण हिंगणीकर, नंतर प्रीतम गंधे. हे लोक दिसतात कसे, बॅट धरतात कशी, हे ठाऊक नव्हतं. टीव्हीवर ते कधी यायचेच नाहीत. नागपूरचं मैदान मात्र यायचं! सिव्हिल लाइन्सच्या त्याच मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ ला विश्वचषकाच्या सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली आणि गावसकरांनी आपलं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक ठोकलं. म्हणजे मैदान आमचं, माळी आमचे, प्रेक्षक आमचे, आणि खेळणारे बाकी सगळीकडचे.

याला इतिहास आहे. महाराष्ट्र राज्य एक असलं तरी क्रिकेटमध्ये त्याचे तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. आमचा भाग पूर्वी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरारचा, आणि त्या नावाचा संघ रणजीच्या पहिल्या वर्षांपासून होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १९५७-५८ च्या हंगामापासून 'विदर्भ' हे नाव रणजीत लागलं. पण विभाग मात्र मध्यच राहिला. नकाशात आम्ही पुण्या-मुंबईबरोबर, दुलीप करंडकाच्या संघात उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वेबरोबर. ही अशी अधांतरी अवस्था आम्हाला सवयीची आहे, फक्त क्रिकेटमध्ये नाही.

२००२-०३ पासून रणजी स्पर्धेचे दोन मजले झाले. वरचा एलिट, खालचा प्लेट. खालच्या मजल्यावर चांगलं खेळलात तर वर जायचं, वर घसरलात तर खाली यायचं. ही कल्पना मुळात फुटबॉलची, इंग्लंडची. तिथे व्यावसायिक फुटबॉलचे चार मजले आहेत आणि तळमजल्यावर पिढ्यान्‌पिढ्या काढलेले क्लब आहेत. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावाचा क्लब १९७४ ते २०१० अशी छत्तीस वर्षं सलग सर्वांत खालच्या विभागात होता, इतका की लोक त्या विभागालाच चेष्टेनं त्या गावाचं नाव देत. अशा क्लबांत मधल्या फळीत चारचारशे सामने खेळून निवृत्त झालेली माणसं असतात. त्यांना देशाची टोपी कधी मिळत नाही, जगाला त्यांचं नाव माहीत नसतं, पण त्या गावात पेन्शनीतली माणसं त्यांना रस्त्यात थांबवून १९८० सालच्या एखाद्या पासबद्दल बोलतात. आपल्याकडे प्लेट गटात खेळणाऱ्याला तेवढंही नाही. कारण आपल्याकडे गाव त्या सामन्याला जातच नाही. रणजीचा सामना म्हणजे रिकाम्या खुर्च्या, सावलीत बसलेले दहावीस निवृत्त लोक, आणि बिस्किटं मागणारं एक कुत्रं.

अशा विदर्भाकडून २००३-०४ च्या हंगामात, अठरा वर्षांचा असताना, फैझ फझल पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला. डावखुरा सलामीवीर, नागपूरचाच. पहिल्याच सामन्यात १५१ धावा. जन्म सप्टेंबर १९८५ चा, म्हणजे शिखर धवन आणि दिनेश कार्तिक याच वर्षातले, सुरेश रैना वर्षभरानं लहान. ही मुलं पुढच्या दोन-चार-सहा वर्षांत कुठल्या कुठे गेली ते तुम्हाला माहीत आहेच. फझल विदर्भाकडून खेळत राहिला. मध्ये दोनेक हंगाम रेल्वेकडून खेळला. राजस्थान रॉयल्सनं घेतलं, तिथे बारा सामने मिळाले, नाव काही झालं नाही. परत विदर्भ.

सलामीच्या फलंदाजाचं काम तसं फुटबॉलमधल्या मधल्या फळीतल्या खेळाडूसारखंच. गोल दुसरा मारतो. नवा चेंडू अंगावर घ्यायचा, सकाळचा पहिला तास काढायचा, चेंडूची लकाकी घालवायची आणि मधल्या फळीला खेळपट्टी सोपी करून द्यायची. कमकुवत संघात हे काम दुप्पट. तुम्ही लवकर गेलात की मागे कोणी नाही. मी पेपरात विदर्भाचा धावफलक पाहायचो तेव्हा आधी फझलचा आकडा बघायचो. तो चाळीसच्या वर असेल तर संघ अडीचशेच्या पुढे गेलेला असायचा. ही माझी घरगुती आकडेवारी, कुठे छापलेली सापडणार नाही.

या काळात विदर्भ क्रिकेट बदलत होतं, हेही सांगायला हवं. २००८ मध्ये जामठ्याचं स्टेडियम आलं. आम्हा वणीकरांना त्याचं विशेष, कारण ते वर्धा रोडवर आहे. एसटी बुटीबोरी सोडते आणि मग उजवी-डावी करत सगळे प्रवासी मान वळवून त्या दिव्यांच्या खांबांकडे पाहतात. नागपूर यायच्या आधी आमच्या वाटेवर ते येतं. त्याच सुमारास असोसिएशननं अकादमी काढली, लहान वयातली मुलं गोळा केली. २०११ मध्ये उमेश यादव कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाण वसाहतीत वाढलेला. कोळशाच्या गावात वाढलेल्या मुलाच्या छातीत किती दम असतो यावर आमच्याकडच्या पानठेल्यांवर तेव्हा बरीच व्याख्यानं झाली.

आता कोळशाचा विषय निघालाच आहे तर तो पुढे नेतो, कारण फझलच्या गोष्टीत तो एका विचित्र वळणावर येतो.

२०१६ च्या मार्चमध्ये मुंबईत इराणी करंडकाचा सामना झाला. मुंबईनं पहिल्या डावात सहाशेवर धावा केल्या, शेष भारत तीनशेच्या आसपास गारद. चौथ्या डावात शेष भारतापुढे ४८० धावांचं लक्ष्य. असं लक्ष्य पेपरात वाचून लोक पान उलटतात. शेष भारतानं ते गाठलं, आणि त्यात सलामीला येऊन फझलच्या १२७ धावा होत्या. तो तीस वर्षांचा होता. तेरावा हंगाम. तरी त्यानंतर तो नेहमीच्या कामाला लागला, म्हणजे उन्हाळ्यात इंग्लंडला गेला. आपल्याकडचे बरेच रणजी खेळाडू असं करतात. तिकडे गावोगावच्या क्लबांना एक बाहेरचा व्यावसायिक खेळाडू ठेवता येतो. शनिवारी सामना खेळायचा, आठवड्यात पोरांना शिकवायचं, भाड्याच्या खोलीत स्वतःचा स्वयंपाक करायचा. पैसे बेताचे, पण ओल्या खेळपट्ट्यांवर हात तयार होतो.

फझल होता तो क्लब हेटन लायन्स. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅमच्या कोळसापट्ट्यातलं हेटन-ले-होल नावाचं गाव आहे, त्या गावाचा. मी नकाशात शोधलं तेव्हा चाट पडलो. ही जवळजवळ आमचीच गोष्ट! हेटनच्या खाणीतला कोळसा नदीपर्यंत न्यायला जॉर्ज स्टीफन्सननं १८२२ मध्ये रेल्वे टाकली. अजून प्रवासी गाड्या जन्माला यायच्या होत्या. खाण १९५० मध्ये बंद पडली. उरला तो क्लब, मैदान आणि खाणकामगारांची नातवंडं. त्या पट्ट्यात खाणीबरोबर खेळ असायचाच. पाळी संपली की मैदान. लिव्हरपूलला तीन वेळा युरोपचा करंडक मिळवून देणारे प्रशिक्षक बॉब पेस्ली १९१९ मध्ये याच हेटनमध्ये जन्मले, खाणकामगाराच्या घरात. ते स्वतः मधल्या फळीत खेळायचे. १९५० च्या एफए कपच्या उपांत्य सामन्यात त्यांनी गोल मारला, आणि अंतिम सामन्याच्या संघातून त्यांना वगळलं! हेटनचं पाणीच तसं असावं.

आमच्याकडे खाणी अजून चालू आहेत. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, मग वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. ट्रक चालू, धूळ चालू. पण कधीतरी त्या बंद होणारच, आणि तेव्हा आमच्याकडे मागे काय उरेल, मैदान उरेल की नुसता खड्डा, हा विचार मला हेटनचा फोटो पाहताना आला. असो. विषय भरकटला.

तर हेटनमध्ये असताना फझलला कळलं की झिम्बाब्वेच्या दौऱ्यासाठी त्याची भारतीय संघात निवड झाली आहे. मोठी मंडळी विश्रांतीवर होती, धोनी कर्णधार आणि बाकी बरेच नवे चेहरे. पहिल्या दोन सामन्यांत के. एल. राहुल आणि करुण नायर सलामीला आले, फझल बाहेर. मालिका खिशात पडल्यावर तिसऱ्या सामन्यात, १५ जून २०१६ रोजी, हरारेत त्याला टोपी मिळाली. झिम्बाब्वेचा डाव १२३ धावांत आटोपला, बुमरानं चार घेतले. आणि मग राहुल आणि फझल खेळायला उतरले. बावीस षटकंही लागली नाहीत. राहुल नाबाद ६३, फझल नाबाद ५५, एकसष्ट चेंडूंत. भारत दहा गडी राखून विजयी.

मी तो सामना आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पाहिला. मालक मधूनमधून गिऱ्हाईक करत होता. एकानं विचारलं, "हे कोन हाय बा, नवीन दिसते." मी म्हटलं, "नवीन नाही भाऊ, तेरा वर्षांपासून खेळून राह्यला. आपल्या नागपूरचा आहे." तो म्हणाला, "मंग आतापर्यंत काहून नाही दिसला?" या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होतो? त्याच्या हातात दोन मीटर वायर होती, आणि तो ती घेऊन गेला.

त्यानंतर झालेल्या तीन टी-ट्वेंटी सामन्यांत फझलला घेतलं नाही. पुढच्या मालिकेत नाही. त्यापुढे कधीच नाही. मायदेशी रोहित शर्मा, धवन, रहाणे होते, राहुल तरुण होता. आमच्याकडे या गोष्टी मुंबई लॉबीच्या खात्यावर टाकायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. तीस वर्षांचा सलामीवीर आणि समोर अशी रांग असताना कुठल्याही निवड समितीनं हेच केलं असतं. अन्याय म्हणावा तर तो अलीकडचा नाही, तो त्याआधीच्या बारा वर्षांचा आहे. त्या काळात विदर्भाच्या धावा म्हणजे प्लेटच्या धावा, त्यांचा भाव कमी, हे सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं होतं. आणि खरं सांगायचं तर आम्हीही तेच धरून चाललो होतो. आमच्यापैकी कोण गेलं होतं सामना पाहायला?

हरारेहून परत आल्यावर फझलनं काय करावं? खरं तर इथे बहुतेकांची गोष्ट संपते. एक टोपी मिळाली, कोनाड्यात ठेवली, आणखी दोन हंगाम, मग कोचिंग. फझलचा सर्वांत मोठा हंगाम त्यानंतर आला.

२०१७-१८. कर्णधार फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. मुंबईचा वासिम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश संघात. बाकी बहुतेक पोरं विदर्भातली. फझलनं त्या हंगामात ९१२ धावा केल्या. कोलकात्याला ईडन गार्डन्सवर कर्नाटकविरुद्ध उपांत्य सामना. पहिल्या डावात विदर्भ १८५, कर्नाटक ३०१. इथे जुना विदर्भ असता तर पान उलटून मोकळं व्हायचं. दुसऱ्या डावात विदर्भानं तीनशे ओलांडले आणि कर्नाटकपुढे १९८ चं लक्ष्य ठेवलं. कर्नाटकची शेवटची जोडी मैदानात, पाचव्या दिवसाची सकाळ, हव्या त्या मोजक्या धावा. वर्ध्याच्या रजनीश गुरबानीनं शेवटचा गडी काढला तेव्हा फरक फक्त पाच धावांचा होता. डावात त्याचे सात बळी. हा मुलगा सिव्हिल इंजिनियर. त्याच्या आईवडिलांनी सुटकेचा श्वास सोडला असेल की इंजिनियरिंगची सीट वाया गेली म्हणून उसासा, हे मला नेहमी कुतूहल वाटत आलंय.

अंतिम सामना इंदूरला, दिल्लीविरुद्ध. विदर्भाचा पहिलाच अंतिम सामना. दिल्ली २९५. ध्रुव शोरीच्या १४५, आणि गुरबानीची हॅटट्रिक. (रणजीच्या अंतिम सामन्यातली हॅटट्रिक त्याआधी एकदाच झाली होती, १९७२-७३ मध्ये, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. आणि तो शोरी पुढे विदर्भाकडूनच खेळायला आला, काळाची गंमत.) मग विदर्भ ५४७, यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३. दिल्ली पुन्हा २८०. विदर्भाला हव्या होत्या २९ धावा. १ जानेवारी २०१८ ला, नऊ गडी राखून, रणजी करंडक विदर्भाकडे आला. १९५७ पासून मोजलं तर साठ वर्षांनी.

त्या संध्याकाळी वणीत फटाके फुटले म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. नववर्षाचे उरलेले काही फुटले असतील. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात विदर्भ पहिल्या पानावर होता, मोठ्या टायपात. मी तो अंक ठेवलाय. आणि पहिल्यांदा मला वाटलं की फडकर, हिंगणीकर, गंधे यांची नावंही त्या मथळ्याखाली कुठेतरी आहेत, फक्त छापलेली नाहीत. हिंगणीकर तर खेळणं संपल्यावर जामठ्याच्या खेळपट्टीचे क्युरेटर झाले. ज्यांनी आयुष्यभर खेळपट्टीवर मार खाल्ला त्यांनीच पुढे ती बनवली.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्याला सौराष्ट्रविरुद्ध पुन्हा अंतिम सामना, पुन्हा विजय, ७८ धावांनी. आदित्य सरवटेनं सामन्यात अकरा बळी घेतले आणि पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. या सामन्यात माझ्या जिव्हाळ्याचा भाग वेगळा होता. पहिल्या डावात विदर्भाची पडझड होत असताना आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद ७३ धावा करणारा अक्षय कर्णेवार आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला. हा गडी दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. २०१७ मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात फलंदाजाप्रमाणे हात बदलून त्यानं पाहुण्यांना बुचकळ्यात टाकलं होतं. रणजीनंतर लगेच झालेल्या इराणी सामन्यात त्यानं शतक केलं. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटीत चार षटकं, चारही निर्धाव, दोन बळी. टी-ट्वेंटीत चारही षटकं निर्धाव टाकणारा जगातला तो पहिला गोलंदाज. तरी आमच्या जिल्ह्यात शंभर जणांना नाव विचारा, दहा जण ओळखतील का शंका आहे.

त्या इराणी सामन्याचं एक सांगायचं राहिलं. सामना संपला १६ फेब्रुवारी २०१९ ला, पुलवामाच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी. कर्णधार फझलनं जाहीर केलं की संघाला मिळालेली बक्षिसाची रक्कम हुतात्मा जवानांच्या कुटुंबांना दिली जाईल. देशाकडून एकच सामना खेळलेला कर्णधार.

माझा एक भाचा आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. डावखुरा फिरकी. सतराव्या वर्षी नागपूरला खोली घेतली, तीन मुलं मिळून. सकाळी नेट, दुपारी कॉलेजात हजेरीपुरतं, संध्याकाळी पुन्हा मैदान. पाच वर्षं लीग क्रिकेट खेळला. त्याच्या वडिलांचं पार्टसचं दुकान आहे, ट्रकचे. दर महिन्याला पैसे पाठवताना ते एकच विचारायचे, "इंडियात खेळशील का? तेवढं सांग." हा प्रश्न विचारणं चूक नाही. खिशातून पैसे जाणाऱ्यानं विचारायचाच असतो. पण त्या प्रश्नाला फक्त दोनच उत्तरं आहेत, आणि हजारातल्या नऊशे नव्व्याण्णवांना त्यातलं एकच देता येतं. भाचा तेविसाव्या वर्षी परत आला. आता दुकान बघतो. एकदा मी त्याला विचारलं की वाईट वाटतं का. म्हणाला, "मामा, एका सीझनला मी रणजी खेळलेल्या एका बॅट्समनला दोनदा काढलं. एकदा बोल्ड, एकदा स्लिपमध्ये." एवढंच बोलला आणि गिऱ्हाइकाला फिल्टर काढून द्यायला गेला. त्याचे डोळे मात्र मी पाहिले होते.

पैशाचं गणित आता थोडं बदललंय. २०२१ मध्ये मंडळानं रणजीचं मानधन वाढवलं. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला साठ हजार. त्याआधी ते पस्तीस हजार होतं, आणि त्याच्याही आधीच्या पिढीला याच्या जवळपासही काही नव्हतं. फडकरांच्या काळात खेळाडू सुट्टी टाकून खेळायचे. म्हणजे नुसतं विदर्भाकडून खेळूनही घर चालतं, हे सांगायची सोय आता आहे. ज्यांना सांगायचं त्या बापांना अजून ते माहीत नाही, एवढंच.

फझल शेवटची चारपाच वर्षं कधी संघात, कधी बाहेर, असा होता. नवी पोरं आली होती, त्यातली बरीचशी त्याच्याच कर्णधारपदाखाली वाढलेली. २०२४ च्या फेब्रुवारीत, हरियाणाविरुद्धच्या नागपूरच्या सामन्याच्या वेळी त्यानं निवृत्ती जाहीर केली. ज्या गावात सुरुवात केली त्याच गावात शेवट. प्रथम श्रेणीत नऊ हजारांहून अधिक धावा, २४ शतकं, दोन रणजी, दोन इराणी. त्याच हंगामात विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून हरला. तेव्हा फझल संघात नव्हता.

त्याच्या पुढच्या वर्षी, २ मार्च २०२५ ला, जामठ्याला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली. कर्णधार होता अक्षय वाडकर, तोच, इंदूरचा १३३ वाला. संघात आमचा कर्णेवारही होता. त्या आठवड्यात मी कामानिमित्त एसटीनं नागपूरला निघालो होतो. बुटीबोरीनंतर सवयीप्रमाणे मान वळवली. माझ्या शेजारी कॉलेजातला एक पोरगा बसला होता, मोबाईलवर धावफलक उघडलेला. मी विचारलं, काय झालं विदर्भाचं? तो म्हणाला, "काका, लीड घेतली." मग म्हणाला, "अक्षयभाऊ आपल्या इकडचे आहेत, माहीत आहे ना तुम्हाला?"